साक्षीदाराची हौस

केलेले काम कोणी पाहिले नाही तर ते उणे ठरते काय? सायकलस्वारांच्या फेऱ्या नोंदविणारे ‘स्ट्राव्हा’ हे ॲप २००९ साली अमेरिकेत निघाले. आज इंग्लंडपासून ब्राझीलपर्यंत कोट्यवधी लोक ते खिशात बाळगतात. इंग्लंडच्या सरे परगण्यात बॉक्स हिलचा चढ प्रसिद्ध आहे. तो सर्वांत वेगाने चढणाऱ्यास हे ॲप ‘पर्वताचा राजा’ म्हणते, आणि माथ्यावर पोचलेला कित्येक स्वार दरीआधी आपला आकडा पाहतो. नोंद नाही तर फेरीच झाली नाही, असे ही मंडळी थट्टेने म्हणतात. आम्हांस त्या थट्टेत अर्धी कबुली ऐकू येते.

नोंदीशी आमचे वैर नाही. हिशेबाची वही ठेवणारा स्वतःला फसवीत नाही. निदान रोज तरी नाही. परंतु वही चव्हाट्यावर उघडली, की हिशेब कोणासाठी हे विचारावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये या ॲपच्या जागतिक नकाशावर अफगाणिस्तान व सीरियातील लष्करी तळांच्या वाटा उजळलेल्या दिसल्या. सैनिकांनी नोंदविला होता केवळ आपला व्यायाम!

नेदरलँडमध्ये माणसांहून सायकली अधिक. तेथील एखादी आजी पावसातून भाजी घेऊन येते, त्या फेरीची नोंद बहुधा कोठेच नसते. अंतर मात्र तितकेच कापले जाते, आणि भाजी वेळेवर चुलीपाशी पोचते.