कृष्णाकाठचा मतदार: गटाचे बळ आणि मताचे स्वातंत्र्य

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील निवडणुकांचा अर्थ लावताना येथील मतदार नेत्यामागे गठ्ठ्याने जातो, असे बहुधा गृहीतच धरले जाते. या समजाला आधार आहे. ऊस वेळेवर तोडला जाईल का, सोसायटीतून पीककर्ज मिळेल का, मुलाला संस्थेच्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल का, या प्रश्नांची उत्तरे येथे बऱ्याच अंशी गटावर, म्हणजे एका नेत्याभोवती उभ्या राहिलेल्या आणि प्रसंगी त्याच्याबरोबर पक्षही बदलणाऱ्या गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या फळीवर, अवलंबून असतात. तरीही या प्रभावापुढे मतदाराला स्वतःचे मतच उरत नाही, हा निष्कर्ष निकालांच्या कसोटीला उतरत नाही.

२०१९ च्या मे महिन्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावर साताऱ्यातून सव्वा लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन ते भारतीय जनता पक्षात गेले आणि २१ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाबरोबरच, लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटील यांनी भोसले यांना सुमारे ८७ हजार मतांनी हरवले. प्रचारातली शरद पवारांची भर पावसातली सभा सर्वांच्या स्मरणात राहिली आणि निकालाचे श्रेयही बहुतेकांनी तिलाच दिले. मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहिली. या लोकसभा मतदारसंघातील सहा विधानसभा जागांपैकी सातारा, कोरेगाव आणि पाटण या तीन जागा त्याच दिवशी भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या होत्या. एकाच केंद्रावर, एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या मतदारांपैकी अनेकांनी आमदारासाठी एक आणि खासदारासाठी दुसरा निकष लावला, असे मानल्याशिवाय या दोन निकालांचा मेळ बसणे कठीण आहे. आमदार कामापुरता जवळचा हवा म्हणून गटाला मत देणारा माणूस, चार महिन्यांत पक्ष बदलणाऱ्या खासदाराचा जाब त्याच दिवशी विचारू शकतो. हे नवेही नव्हे: १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्याने कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर पाठवले, आणि त्याच जिल्ह्यातील कऱ्हाडने, अगदी थोड्या फरकाने का होईना, काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांना विधानसभेवर निवडून दिले.

सांगलीने २०२४ मध्ये वेगळ्या मार्गाने हेच दाखवले. महाविकास आघाडीच्या जागावाटपात ही जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली, तेव्हा काँग्रेसचे इच्छुक आणि माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाच्या मताधिक्याने जिंकले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला साठ हजारांच्या आसपास मते मिळाली. घराण्याचा वारसा येथे निश्चितच उपयोगी पडला, पण २०१४ आणि २०१९ मध्ये त्याच घराण्याचा उमेदवार याच मतदारसंघात पराभूत झाला होता, हे विसरून चालणार नाही.

मतदानाच्या टक्केवारीचा अर्थही असाच घाईने लावला जातो. ७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी दोन्ही मतदारसंघांत साठ टक्क्यांच्या थोडे पुढे मतदान झाले, तर नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी दोन्ही जिल्ह्यांनी सत्तरी ओलांडली. या फरकाला उदासीनता म्हणणे सोपे आहे. मात्र टक्केवारी काढताना यादीतील सर्व नावांनी भागले जाते, आणि त्या यादीत मुंबईत माथाडी काम करणारे पाटण-जावळीचे पुरुष आहेत, सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेले खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक आहेत, जतच्या दुष्काळी पट्ट्यातून कामासाठी बाहेर पडलेली कुटुंबे आहेत. घर, जमीन आणि भावकी गावात असल्यामुळे नाव गावच्याच यादीत राहते. मत देण्यासाठी मात्र रोजगार बुडवून शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

स्थानिक आणि विधानसभेच्या निवडणुकीत हा प्रवास पुष्कळदा गटाच्या गाडीने होतो, आणि येथेच टक्केवारीचा प्रश्न स्वातंत्र्याच्या प्रश्नाशी जोडला जातो. ज्याच्या गाडीने माणूस गावी येतो त्याच्या शब्दाचे दडपण केंद्रापर्यंत सोबत येते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलेला विवेक बजावण्याची मोकळीक अशा मतदाराला कमीच मिळते. वाढलेल्या मतदानाचे स्वागत करताना त्या वाढीतला किती भाग वाहनव्यवस्थेचा आहे, हे विचारले गेले पाहिजे.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदानयंत्राची, म्हणजे स्थलांतरित मतदाराला आहे त्या शहरातून आपल्या मूळ मतदारसंघासाठी मत देता यावे अशा यंत्राची, कल्पना मांडली होती. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होणार होती. विरोधी पक्षांनी पारदर्शकतेविषयी घेतलेले आक्षेप गंभीर होते आणि त्यांना उत्तर मिळायलाच हवे होते, परंतु त्यानंतर हा विषय पुढे गेलेला नाही. सातारा-सांगलीच्या सर्वपक्षीय लोकप्रतिनिधींनी, ज्यांच्या मतदारांचा मोठा भाग गावाबाहेर राहतो, हा विषय पुन्हा चर्चेला आणावा.