पोटगी : दया की देणे?

'पोटगी' हा शब्द आम्हां वकिलांच्या तोंडी इतका रुळला आहे, की त्यातले 'पोट' आम्हांस ऐकू येईनासे झाले आहे. पोटापुरते द्यावे आणि मोकळे व्हावे, असा या शब्दाचा रोख दिसतो. निम्मी चूक तेथेच आहे, असे आम्हांस वाटते.

इंदूरच्या शाहबानो यांचा खटला लोकांच्या स्मरणात आहे तो १९८५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आणि त्यानंतर माजलेल्या वादामुळे. आमच्या मनात मात्र त्यातील आकडे घर करून राहिले आहेत. १९३२ साली विवाह, पुढे पाच मुले आणि १९७५ साली घराबाहेर. पती आमच्याच व्यवसायातले, वकील. दंडाधिकाऱ्यांनी १९७९ साली दरमहा २५ रुपये ठरविले. १९८० साली उच्च न्यायालयाने त्याचे १७९ रुपये २० पैसे केले. तेही अमान्य म्हणून पतिराज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचे मोल ठरविताना वीस पैशांचाही हिशेब झाला. पण त्या संसारात तिचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला?

गोमंतकात हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला जातो. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या नियमानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक समजतात. विभक्त होताना स्त्री निम्म्या वाट्याची मालकीण म्हणून उभी राहते, याचक म्हणून नव्हे.

नाते संपले, मग देणे कसले, असे अशील आम्हांस विचारतात. भागीदारी मोडली म्हणून भागीदाराचे येणे बुडत नाही, हे त्यांना दुकानाच्या बाबतीत सहज पटते. संसार अल्पकाळाचा असेल व दोघेही मिळवती असतील, तर हे येणे थोडे किंवा शून्यही असेल, हे आम्ही मान्य करतो.

मुलाचे मात्र तसे नाही. ते भागीदार नव्हते. त्याला कोणी विचारून जगात आणले नाही. 'भेटू देत नाही, म्हणून पैसे देत नाही' आणि 'पैसे देत नाही, म्हणून भेटू देत नाही' या दोन्ही वाक्यांत मूल हे ओलीस आहे.

थकबाकीपायी तुरुंगवास भोगला तरी देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले. शिक्षेने दंड फिटतो. ऋण दिल्यानेच फिटते. न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना आमच्या अशिलांनी एवढे जरी ध्यानी धरले, तरी पुष्कळ झाले.