फुटकी काच आणि फेकणारा हात

सज्जनहो, आपल्या वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पण इथल्या पाण्याला दोन समुद्र आहेत. काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी पश्चिम समुद्राला. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत पूर्वसमुद्र गाठते. तेव्हा समुद्रकाठच्या एका वस्तूचा दृष्टांत घेतला तर तो अगदीच परका वाटू नये.

समुद्रात फेकलेली बाटली खडकावर फुटते. लाटा तिचे तुकडे वाळूवर घासतात, खारे पाणी वरचा थर हळूहळू झिजवते. वीस-तीस वर्षांनी धार जाते, चकाकी जाते आणि खडीसाखरेसारखा धुरकट खडा हाती लागतो. इंग्लंडात सीहॅम गावी १८५३ साली बाटल्यांचा कारखाना निघाला. तो १९२१ साली बंद पडला. त्याने समुद्रात लोटलेली काच लोक आजही वेचतात. कारागीर तिला पाण्यात धरून हिरकणीच्या टोकाने भोक पाडतात, नाहीतर भोवती चांदीची तार वळतात. झाले कानातले, झाले पदक! आपल्याकडे तरी काय निराळे आहे? पोहरादेवीच्या यात्रेत बघा, बंजारा मायबहिणींच्या चोळीवर आरशाची भिंगे आणि समुद्राच्या कवड्या कशा शोभतात.

आता कोणी म्हणेल, "शेवटी दागिनाच झाला ना? मग बाटली फेकणाऱ्याचे काय चुकले? उलट उपकारच केला म्हणा की!"

हा युक्तिवाद गोड आहे, म्हणूनच तो जपून घ्यावा. घराघरांत आपण तो करतो. सासूने जाच केला म्हणून सून सोशीक झाली. मालकाने राबवून घेतले म्हणून गडी कणखर झाला. सोसणाऱ्याने "मी त्यातून घडलो" म्हटले तर तो त्याचा मोठेपणा. पण तेच वाक्य छळणाऱ्याच्या तोंडी आले की ती लबाडी होते. खडा गुळगुळीत झाला तो सोसून, आणि दागिना झाला तो वेचणाऱ्याच्या हाताने. फेकणाऱ्याने यात काय केले? फक्त फेकले.

शिवाय धार जायला वीस-तीस वर्षे लागतात. तोवर ज्याचा पाय कापला, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

आणखी एक. हल्ली यंत्राच्या पिंपात वाळू घालून थोड्या दिवसांत तशीच काच घोळून काढतात. ती ल्यायला हरकत नाही. पण "समुद्राची" म्हणून विकली तर ते ढोंग. माणसाचेही तसेच. गळ्यात माळ एका दिवसात पडते, स्वभावाची धार एका दिवसात जात नाही.

शेगावची पालखी पंढरीला जाताना शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. दिंडीत कितीएक माणसे अनवाणी असतात. सडकेवरच्या काचेला समुद्र भेटत नाही, तिला पाऊलच भेटते. म्हणून माउली, वाटेत काच दिसली तर ओलांडून जाऊ नका. जरा वाका, फडक्यात बांधा, बाजूला नेऊन ठेवा. तिचा दागिना होवो न होवो, मागून येणाऱ्याचे पाऊल तरी वाचेल.

रामकृष्ण हरि.