*खुर्ची गेली, माणूस कुठे गेला?*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी सुलतान बाजारच्या आपल्या सत्संगात आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि एक काका उठता उठता थांबले. त्यांच्या परवानगीने लिहितोय. म्हणाले, "पोराची नोकरी जाऊन दीड महिना झाला. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन मेट्रोत बसतो, संध्याकाळी परत येतो. आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला कळलंय, पण त्याला वाईट वाटेल म्हणून आम्हीही गप्प."

*पद गेलं म्हणजे माणूस कमी झाला का?* त्या दिवशी आपण यावरच बोललो.

पराग अग्रवाल हे नाव मुलांना माहीत आहे. जन्म अजमेरचा, वाढले मुंबईत. मुंबई आयआयटी, मग स्टॅनफर्डची पीएचडी. २०११ मध्ये ट्विटरमध्ये साधे सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागले, २०१७ मध्ये तंत्रज्ञान प्रमुख झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला सीईओ. तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाचे मेसेज पुढे पाठवले होते. अकरा महिन्यांनी, २७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला कंपनी घेतली आणि लगेच त्यांना काढलं. तेव्हा आपण काय पाठवलं? काहीच नाही.

मधली गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. जुलै २०२२ मध्ये मस्क सौद्यातून मागे फिरू लागले, तेव्हा सौदा पूर्ण करा म्हणून ट्विटरच कोर्टात गेलं. सौदा झाला तर सीईओची खुर्ची डळमळणार, हे कोणालाही दिसत होतं. तरी भागधारकांशी बांधील असलेलं काम झालं.

यावर एक ताई म्हणाल्या, "काढलं तर मोठी रक्कम मिळेल असं करारात होतं. त्यात कसला त्याग?" बरोबर आहे. आपण त्यांना संत करत नाही. ती रक्कम मिळाली नाही, म्हणून मार्च २०२४ मध्ये त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी दावाही लावला. पण हक्काचं मागणं म्हणजे आसक्ती नव्हे. *"ही खुर्ची म्हणजेच मी" असं वाटणं, ही आसक्ती.*

सीईओ असतानाच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दुसऱ्या बाळासाठी त्यांनी काही आठवड्यांची रजा घेतली होती. काहींनी नावं ठेवली. पण बघा, नव्या मालकाला सीईओ काढता आला, बाप काढता आला नाही. पुढे त्यांनी नवी कंपनी काढून पुन्हा कामाला सुरुवात केली.

आपला बाजार तरी दुसरं काय सांगतो? पूर्वी हा रेसिडेन्सी बाजार. १९३३ मध्ये इंग्रजांनी निजामाला परत दिला आणि सुलतान बाजार झाला. मालक बदलला, पाटी बदलली, दुकानदार सकाळी फळी उघडतच राहिले.

काकांना आपण एवढंच सांगितलं, "तो सांगेल याची वाट बघू नका. आधी तुम्ही बोला."

या गुरुवारी तो मुलगा सत्संगाला आला, बॅग न घेता. नोकरी अजून नाही. पण सतरंज्या त्यानेच घातल्या.

*या आठवड्याचा संकल्प:* घरात कोणालाही "कामाचं काय झालं?" विचारण्याआधी "जेवलास का?" विचारू या.

जय गुरुदेव. 🙏