लाही आणि राख

बीजाचे मोल त्याच्या पुन्हा उगवण्याच्या सामर्थ्यात असते, हे शेतीवर जगणाऱ्या समाजाला निराळे सांगावे लागत नाही. तरीही याच समाजाने आपल्या मंगल प्रसंगी देवापुढे ठेवण्यासाठी जे धान्य निवडले, त्यात विस्तवावर फुलून उगवण्याचे सामर्थ्य कायमचे गमावलेल्या धान्याला मानाचे स्थान आहे. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, गोकुळाष्टमीच्या काल्यात लाह्या, लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे, आणि विवाहात लाजाहोम, म्हणजे वधूच्या ओंजळीत तिच्या भावाने घातलेल्या लाह्यांची अग्नीत दिली जाणारी आहुती, हे सर्व प्रसंग वृद्धीचे आहेत. धन वाढावे, वंश वाढावा, पीक वाढावे अशी जिथे प्रार्थना केली जाते, तिथेच न वाढणारे बीज अर्पण केले जाते, आणि हा विरोध केवळ रूढी म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

या प्रश्नाचा विचार शेतापासून दूर, बेंगळुरूच्या वायव्येस तुमकुरु रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात करता येतो. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने आकाराला आणलेली ही वसाहत लहान आणि मध्यम यंत्रशाळांची म्हणून ओळखली जाते, आणि तिचा सर्वांत मोठा सण म्हणजे नवरात्रातील महानवमीची आयुधपूजा, जिला मराठी परंपरेत खंडेनवमी म्हणतात. त्या वेळी लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंगची यंत्रे थांबवून त्यांच्यावरील धातूचा कीस आणि वंगण पुसले जाते, हेडस्टॉकवर हळदीकुंकवाची बोटे उमटतात, टूलपोस्टला झेंडूची माळ बांधली जाते, दाराशी केळीचे खांब उभे राहतात आणि कुंकू भरलेला कोहळा उंबऱ्याबाहेर फोडला जातो. पूजा आटोपल्यावर सर्वांच्या हाती जे पडते ते कडलेपुरी, म्हणजे भाजलेले डाळे मिसळलेले चुरमुरे, आणि त्यासोबत काही गोड. कर्नाटकात आयुधपूजा आणि कडलेपुरी यांची जोडी इतकी पक्की आहे की त्या सुमारास बेंगळुरूच्या बाजारांत चुरमुऱ्यांचे ढीग आणि कोहळ्यांच्या राशी शेजारी शेजारी लागतात. बेळगाव-निपाणीकडून किंवा कोल्हापूर-सांगलीकडून या शहरात आलेल्या मराठी घरांना या प्रसादात आपल्या लाह्यांचे नाते ओळखू येते, आणि गुळाच्या पाकातील लाह्यांचे लाडू तर सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात.

हे लाडू करण्याची रीत तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. ज्वारी गरम पाण्यातून काढून, निथळून, फडक्यात रात्रभर बांधून ठेवतात, जेणेकरून दाण्याच्या पोटात ओल मुरावी आणि वरचे साल मात्र कोरडे व्हावे. दुसऱ्या दिवशी लोखंडी कढई चांगली तापवून त्यात मूठ-मूठ दाणे टाकले जातात आणि कापडाच्या बोळ्याने ते हलवले-दाबले जातात. साल घट्ट असल्यामुळे आतील ओलाव्याची वाफ कोंडते, पिष्टमय गर मऊ होतो आणि साल फुटताच तो गर बाहेर फुलून गोठतो. अमेरिका खंडातून इकडे आलेल्या मक्याच्या बाबतीत हीच क्रिया मोजली गेली आहे: दाण्यात सुमारे 14 टक्के ओलावा लागतो, तो सुमारे 180 अंश सेल्सिअसला फुटतो आणि फुटण्याच्या क्षणी आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 9 पट असतो. ज्या दाण्याचे साल आधीच टवकलेले असते त्यातून वाफ निसटते आणि तो न फुलता तसाच राहतो. अशा दाण्याला गणंग म्हणतात. लाह्या पाखडून गणंग वेगळे केले की गुळाचा गोळीबंद पाक, म्हणजे ज्याचा थेंब पाण्यात टाकताच बोटांनी गोळी वळता येते असा पाक करून, त्यात लाह्या घालून, हाताला पाणी लावून चटके सोसत लाडू वळावे लागतात, कारण पाक निवला की लाही लाहीला धरत नाही.

भारतीय दर्शनांनी या भाजलेल्या बीजाचा दृष्टांत फार पूर्वीपासून वापरला आहे. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात क्लेश, म्हणजे अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे चित्ताला बांधणारे पाच दोष, ज्ञानाग्नीने दग्धबीजासारखे झाले की त्यांतून कर्माचा अंकुर फुटत नाही, असे प्रतिपादन आहे. दुसऱ्या पादातील तेराव्या सूत्रावर भाष्यकार आणखी बारकाईने सांगतात की तुसात असलेली साळ रुजू शकते, पण तूस काढलेला किंवा भाजलेला दाणा रुजू शकत नाही. पीण्यात वाटल्या जाणाऱ्या चुरमुऱ्यांना आणि घरच्या लाह्यांना हा भेद नेमका लागू पडतो: चुरमुरा उकडून, तूस काढून मग तापलेल्या वाळूत फुलवलेल्या तांदळाचा असतो, तर साळीची लाही तुसासकट विस्तवावर जाते आणि स्वतःचे तूस स्वतः फोडून बाहेर येते. पहिल्याचे बंधन दुसऱ्या कोणी सोडवलेले असते. दुसरी ते आतून तोडते.

येथे एक महत्त्वाचा भेद बहुधा नजरेतून सुटतो. गीतेच्या चौथ्या अध्यायातील सदतिसाव्या श्लोकात ज्ञानाग्नी सर्व कर्मांची राख करतो असे म्हटले आहे, आणि तेथील प्रतिमा इंधनाची आहे. उलट तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात जन्ममरण संपल्याची खूण म्हणून भाजलेल्या बीजाची लाही येते, आणि तिच्या जोडीला साखर येते, जिचा पुन्हा ऊस होत नाही. राख आणि लाही या दोन्ही अग्नीतून निघतात आणि दोन्ही उगवत नाहीत, पण राखेत खाण्याजोगे काही उरत नाही, तर लाही अग्नीमुळेच खाण्याजोगी होते. तुकोबांनी एकाच अभंगात आणलेले हे दोन दृष्टांत, परत न फिरणारे धान्य आणि परत न फिरणारा रस, गुळाच्या लाह्यांच्या प्रत्येक लाडवात प्रत्यक्ष एकत्र येतात. हा लाडू वळणाऱ्या घराला तो अभंग आठवत असेलच असे नाही, तरी मुक्तीची ही कल्पना त्या घरात पिढ्यान् पिढ्या चवीने पोचली आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कर्म ज्ञानाने जळाल्यावर ज्ञानी पुरुषाच्या हातून पुढे काय घडते, हा या भेदाचा खरा गाभा आहे. सांख्यकारिकेत त्याच्या देहाला कुंभाराच्या चाकाची उपमा आहे, जे दांड्याने फिरवणे थांबल्यावरही पूर्वीच्या वेगाने काही काळ फिरत राहते. वीज बंद केल्यावर काही क्षण फिरणारा लेथचा चक पाहिलेल्या कामगाराला ही उपमा समजावून द्यावी लागणार नाही. परंतु या उपमेत उरलेली गती कोणाच्याही कामाची नाही, ती फक्त संपायची वाट पाहते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याविरुद्ध भूमिका घेतली की ज्ञानोत्तरही कर्म सोडायचे नसते, ते लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून, करत राहायचे असते. या भूमिकेला लाहीचा दृष्टांत चाकापेक्षा अधिक जुळतो: कर्त्यासाठी नवे फळ न धरणारे कर्म दुसऱ्याच्या मुखी अन्न म्हणून जाते. लक्ष्मीपूजनातील आणि लाजाहोमातील विरोधही याच वाटेने सुटतो, कारण तिथे वृद्धी मागितली जाते, पण अर्पण केलेल्या वस्तूतून परतफेडीचा अंकुर फुटावा ही अपेक्षा मात्र विस्तवावर टाकलेली असते.

यावर एक आक्षेप असा की हे सर्व पंडिती अर्थ नंतर चिकटवलेले आहेत. लाह्या हलक्या, टिकाऊ, स्वस्त आणि वाटायला सोप्या, म्हणून त्या सणांत आल्या. आक्षेपातील माहिती खरी आहे. पाण्यात शिजवलेल्या अन्नाला सोवळ्याचे जे निर्बंध लागत, ते कोरड्या भाजलेल्या धान्याला तितके लागत नसत, त्यामुळे भडभुंज्याच्या भट्टीतले धान्य जातीपातीच्या भिंती ओलांडून पुष्कळ दूर जाऊ शके. पण यामुळे अर्थ दुबळा होत नाही, तो बळकटच होतो. ज्या यंत्रशाळेत मालक, टर्नर, कंत्राटी मदतनीस आणि माल न्यायला आलेला टेम्पोचालक यांच्या भाषा, जाती आणि पगार वेगवेगळे असतात, तिथे एकाच घमेल्यातून सर्वांच्या ओंजळीत पडू शकणारे अन्न हेच लोकसंग्रहाचे खरे अन्न होय. फोडलेल्या कोहळ्यात दृष्ट काढण्याचा, अरिष्ट बाहेर टाकण्याचा भाव असतो आणि तो रस्त्यावरच राहतो; कडलेपुरी मात्र आत वाटली जाते. जिथे ती फक्त कायम कामगारांना मिळते आणि कंत्राटी माणूस फाटकापाशी थांबतो, तिथे पूजा विधी म्हणून पुरी झाली तरी या अर्थाने ती अपुरीच राहते.

दृष्टांताची मर्यादा गणंगापाशी दिसते. भाष्यकारांनी तुसाला बंधन मानले, आणि उगवण्याच्या दृष्टीने ते खरेही आहे, पण कढईत मात्र साल अखंड असल्याशिवाय दाणा फुलत नाही. म्हणजे ज्या देहाला आणि कर्माला बंधन म्हणायचे, ते अग्नीपर्यंत शाबूत नेणे ही मुक्तीची अट ठरते. यामुळे काम टाकून पळणाऱ्या वैराग्यापेक्षा कामात राहून तापणाऱ्या वैराग्याची बाजू घेता येते, आणि वारकरी संतांनी ती आपल्या प्रपंचातून घेतलीच आहे. मात्र मळणीतच साल टवकलेल्या दाण्याचा दोष कोणाचा, आणि तोच विस्तव सोसूनही तो का फुलत नाही, याचे उत्तर दग्धबीजाच्या दृष्टांतात नाही. कर्मसिद्धांत ते पूर्वजन्मात शोधील. घरातील बाई मात्र गणंग फेकत नाही. ते दळणात घालते किंवा पाखरांपुढे टाकते, आणि उगवणे व फुलणे या दोन्हींना मुकलेल्या दाण्यालाही अन्न होण्याचा मार्ग मोकळा ठेवते. शास्त्रातील दृष्टांत जिथे थांबतो, तिथून पुढचा विचार या कृतीच्या आधाराने करावा लागेल.