त्यालाच विचारा



आजचे शुभवर्तमान संत योहानाच्या नवव्या अध्यायातील आहे. जन्मांध माणसाला प्रभू येशूने दृष्टी दिली, आणि गावात एकच गोंधळ उडाला. काही शेजारी म्हणाले, हा तोच भिकारी. काही म्हणाले, छे, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कोणीतरी. परूश्यांनी चौकशी मांडली, आईवडिलांना बोलावले. सभास्थानातून बाहेर काढतील या भीतीने त्यांनी जबाब द्यायचे टाळले आणि मुलाकडे बोट दाखवले: तो आता लहान नाही, त्याचे तोच सांगेल. ते बोलले भीतीपोटी, पण बोलले ते खरे होते. जो माणूस इतका वेळ तिथेच उभा होता, त्याला विचारायला हवे होते.

हा उतारा मी अनेकदा वाचला आहे. पण काही महिन्यांपूर्वी माझ्याच कचेरीत तो मला नव्याने कळला.

एक तरुण आईसोबत बाप्तिस्म्याचा दाखला घ्यायला आला. लग्नाची बोलणी चालली होती. त्याला लहानपणी ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते, हे मला ठाऊक होते. मी सवयीने आईकडे पाहून म्हणालो, “ताई, याचे जन्मसाल काय?” तो खाली मान घालून हळूच म्हणाला, “फादर, मला विचारा ना.”

मला लाज वाटली. तो अंबडच्या कारखान्यात स्टोअरचा हिशेब सांभाळतो, आणि मी त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईशी बोलत होतो.

आई बाहेर गेल्यावर त्याने मनातले सांगितले. दाखला शोधताना कपाटात जुनी फाईल सापडली. चौथ्या वर्षी उशिरा बोलू लागला, नजर देत नव्हता, खेळण्यांची रांग लावत बसायचा, असे त्यात लिहिलेले. “फादर, आज मी नोकरी करतो, बसने एकटा जातो. मग तेव्हाचे चुकले होते का? की मी लपवायला शिकलो आहे? मी नेमका कोण?” मुलीकडच्यांना काही सांगू नको, असे आईने बजावले होते.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न अविश्वासाचा नाही आणि कृतघ्नपणाचाही नाही. स्वमग्नता रक्त तपासून किंवा एक्स-रे काढून कळत नाही. मुलाचे वागणे पाहून आणि आईवडिलांना विचारून तज्ज्ञ निष्कर्ष काढतात. शिवाय मोजपट्टीही बदलत गेली आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून व्याख्या अनेकदा बदलली. 2013 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ‘अ‍ॅस्पर्जर’सारखी वेगळी नावे एकाच नावाखाली आणली गेली. आपल्या देशात 1995 च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. म्हणजे एकाच मुलाची नोंद वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी झाली असती. कधी बोलण्यातला उशीर, कमी ऐकू येणे यांमुळेही गोंधळ होतो. तर कधी निदान अगदी बरोबर असते, आणि त्यामुळे मिळालेल्या मदतीनेच मूल पुढे जाते. मग मोठेपणी वाटते, मला काही नव्हतेच.

त्या दिवशी बाप्तिस्म्याची नोंदवही आमच्यापुढे उघडी होती. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली नसेल. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी मोकळी जागा असते. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची नोंद पुढे त्याच जागेत होते. बाळाचे नाव लिहिले म्हणून पान संपत नाही. मी त्याला ते दाखवले आणि म्हणालो, “बाळा, देवाघरची नोंदसुद्धा आपण जागा सोडून लिहितो. मग चार वर्षांच्या मुलाविषयीचा कागद शेवटचा कसा असेल?”

पण तो कागद फाडून टाकण्याचा सल्लाही मी दिला नाही. पुन्हा तपासणी करून घे, म्हणालो. प्रौढांची तपासणी करणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील त्यांच्याकडे जा, जुनी फाईल सोबत ने, आणि लहानपणचे सांगायला आईला घेऊन जा. उत्तर ‘होय’ आले तर तू काल होतास तोच आहेस. ‘नाही’ आले तरी तोच. आणि जिच्याशी संसार करायचा आहे, तिला लग्नाआधी सांग. विवाहसंस्कार लपवाछपवीवर उभा राहत नाही.

आता दोन शब्द आईवडिलांसाठी. शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले. तेव्हा निदान बरोबर असो वा चूक, स्वतःला दोष देऊ नका. आपल्याच नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 साली विशेष मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ची शाळा सुरू केली. स्वतःच्या मुलासाठी वाट शोधणाऱ्या त्या आईने शेकडो घरांना वाट दाखवली. तुम्ही मुलाला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढलात, ती माया होती. मात्र मूल मोठे झाल्यावर तो त्या निदानाविषयी प्रश्न विचारू लागला, तर त्याला तुमच्या कष्टांचा अपमान समजू नका.

आणि शेवटी आपण सर्वांसाठी. 22 नोव्हेंबर 2014 रोजी व्हॅटिकनमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस स्वमग्न व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबांना भेटले, तेव्हा त्यांनी या कुटुंबांचे एकाकीपण आणि त्यांच्यावरचा कलंक दूर करण्याचे आवाहन केले होते. आपल्या धर्मग्रामात त्याची सुरुवात सोपी आहे. मिस्सा सुटल्यावर अंगणात कोणी तसा तरुण किंवा तरुणी भेटली, तर आईला विचारू नका, “हा कसा आहे?” त्याच्याकडे पाहा, त्याच्या नावाने हाक मारा आणि त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

शुभवर्तमानातील त्या माणसाला लोकांनी बाहेर घालवले, हे ऐकून येशू त्याला शोधत गेला. सगळे त्याच्याविषयी बोलत होते, प्रभू मात्र त्याच्याशी बोलला. आपल्यालाही तसे बोलता यावे, म्हणून या आठवड्यात प्रार्थना करू या.

प्रभू येशू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.