दर्शनाने फिटत नाही ते

पाप धुवायला गंगेत बुडी मारावी लागते, नर्मदेचं नुसतं दर्शन पुरतं, हे आमच्या जबलपुरात लहान पोरही सांगेल. ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीला जी गर्दी जमते, तिच्यात इस्पितळांतली माणसं मला चालण्यावरून ओळखू येतात. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, शेवटची वर्षं इन्चार्ज सिस्टर म्हणून. दोन्यात दिवा सोडायचा, 'नर्मदे हर' म्हणायचं आणि तिथूनच रात्रपाळीला जायचं, अशी कितीतरी जणींची रीत आहे. त्या श्रद्धेला मी हसत नाही. मला पडणारा प्रश्न असा, की थकलेल्या हातून रुग्णाला इजा झाली तर ते पाप म्हणायचं का? आणि म्हटलं, तर ते फेडायचं कुठे?

घाटाजवळ आमच्या घरात वरच्या खोलीत बालाघाटकडची एक मुलगी भाड्याने राहायची. एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स होती. एकदा बदलीची सिस्टर आलीच नाही, म्हणून संध्याकाळच्या पाळीला जोडून तिने रात्रही काढली. पहाटे अँटिबायोटिकची पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची होती. ट्रेमधून तिने उचललं ते पोटॅशियम क्लोराइडचं ॲम्प्यूल. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही एकाच आकाराची. पोटॅशियम क्लोराइड खूप पातळ करून सावकाशच द्यावं लागतं. थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. हात जळतोय म्हणून रुग्ण ओरडला आणि ती अर्ध्यात थांबली. ठोके बिघडले, आयसीयूत न्यावं लागलं, माणूस वाचला. केसपेपरवर औषधाचा उल्लेख आला नाही. तिला एवढंच सांगण्यात आलं की कुठे बोलू नकोस.

त्यानंतर ती रोज घाटावर जाऊ लागली. "काकू, मैया माफ करेल ना?" असं विचारायची. मी उलट विचारलं, "ती दोन ॲम्प्यूल्स अजून एकाच ट्रेमध्ये आहेत का गं?" ती गप्प झाली. होती.

तिचा पश्चात्ताप खरा होता. जेवण सुटलं होतं, हात थरथरत होते, औषध भरताना ती लेबल पुनःपुन्हा वाचायची आणि तरी तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 साली अशा डॉक्टर-परिचारिकांना चुकीचे दुसरे बळी म्हटलं. पहिला बळी अर्थातच रुग्ण. पण इतक्या खऱ्या पश्चात्तापाचा पुढच्या खाटेवरच्या माणसाला काडीचा उपयोग नव्हता. त्याचा धोका होता तसाच राहिला होता.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे कळत होतं, असं मला वाटतं. मनुस्मृतीतल्या पुष्कळ गोष्टी मला मान्य नाहीत. पण अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग मोजताना पाप उघड सांगणं आधी येतं, पश्चात्ताप त्याच्यानंतर. नकळत झालेलं आणि जाणूनबुजून केलेलं यांतही तिथे फरक केला आहे. मनातल्या मनात जळत राहणं हे प्रायश्चित्त पुरं नव्हे.

मग ही मुलगी का बोलली नाही? दोष अंगावर आला की परिचारिकेचं काय होतं, हे तिने पाहिलं होतं. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून 11 रुग्ण गेले. तीनच दिवसांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. त्यांचा दोष किती, हे न्यायालय पाहील. पण इमारतीचं वायरिंग आणि आग विझवण्याची सोय परिचारिकेच्या हाती कधीच नसते, हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सापडते ती मात्र ड्यूटीवरची.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: ते जिथे घडतं ते अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना हालचाली आणि दैव. मी एकटाच कर्ता, असं जो समजतो त्याला खरं दिसत नाही, असंही पुढे येतं. त्या पहाटेला हे लावून पाहा. अधिष्ठान म्हणजे बदली न मिळालेला वॉर्ड. साधन म्हणजे एकसारखी ॲम्प्यूल्स. दोन पाळ्या उभं राहून बधिर झालेल्या हालचाली. दैव म्हणजे रुग्ण शुद्धीत होता, ओरडू शकला. आणि कर्ता ती. चौकशी नेहमी दुसऱ्या कारणापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

यावर कोणी म्हणेल, की हे जबाबदारी झटकणं झालं. तसं नाही. पाचांत कर्ता आहेच. कौटिल्यानेही उपचारात चुकणाऱ्या वैद्याला दंड सांगितला आहे. पण दैव सोडलं तर बाकीची कारणं माणसांनीच मांडलेली असतात. ड्यूटी-चार्टवर कोणाची तरी सही असते, परिचारिका कमी ठेवण्याचा हिशेब कोणीतरी केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 17 सप्टेंबरच्या रुग्णसुरक्षा दिनाला आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षा हाच विषय घेतला होता, कारण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

महिन्याभराने ती मुलगी धीर करून तिच्या इस्पितळातल्या सिस्टर्सशी बोलली. तेव्हा आणखी दोघींनी सांगितलं, की त्यांच्या हातातही ते ॲम्प्यूल आलं होतं, वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलो. त्यांनी पोटॅशियम वेगळ्या कपाटात हलवलं आणि भरण्याआधी दोघींनी लेबल मोठ्याने वाचायचं ठरवलं. मला विचाराल तर तिचं प्रायश्चित्त इथे सुरू झालं.

पुरं मात्र झालेलं नाही. ज्याचा हात जळला त्या माणसाला त्याच्या शिरेत काय गेलं हे कळायचा हक्क आहे, आणि ते सांगायला त्या मुलीला एकटीला पुढे करणं हा दुसरा अन्याय होईल. ज्याची चार्टवर सही आहे, त्याने तिच्या शेजारी बसून सांगावं. पाप अनेकांचं असेल, तर ते उघड सांगणंही एकटीचं कसं असेल?